राजाचे हरीण, शेतकऱ्याचे कुत्रे

इंग्लंडच्या दक्षिणेला, साउदॅम्प्टन बंदराच्या शेजारी, एक फार जुने अरण्य आहे. त्याचे नाव न्यू फॉरेस्ट, म्हणजे नवे रान! सुमारे १०७९ साली विल्यम द काँकरर या राजाने ते स्वतःच्या शिकारीसाठी राखून घेतले, तेव्हापासून ते नवेच आहे. पुण्यात शंभरी गाठलेल्या पुलाला लोक अजून ‘नवा पूल’ म्हणतात, त्यातलाच हा प्रकार.

‘फॉरेस्ट’ या शब्दाचा त्या काळचा अर्थही निव्वळ झाडी असा नव्हता. जिथे देशाचा नेहमीचा कायदा बाजूला राहतो आणि राजाच्या शिकारीचा कायदा चालतो, तो मुलूख म्हणजे फॉरेस्ट. त्यात ओक आणि बीच वृक्षांची राई आली, तसे उघडे माळ आले, दलदल आली आणि माणसांची गावेही आली. हरीण राजाचे, ते तुमच्या शेतात शिरले तरी राजाचेच.

मग अशा गावात शेतकऱ्याने कुत्रे पाळायचे कसे? राखणीला कुत्रे तर हवे, पण ते हरणामागे धावता कामा नये. यावर सरकारी डोक्यातून जो उपाय निघाला तो असा: कुत्र्याचा पुढचा पाय लाकडी ठोकळ्यावर ठेवायचा, तीन नखांवर छिन्नी धरायची आणि मोगरीच्या एका घावात ती उडवून टाकायची. कुत्रे भुंकायला मोकळे, धावायला लंगडे. १२१७ साली, तिसरा हेन्री पोरवयाचा असताना, जी वनसनद निघाली तिने या छळाला थोडा लगाम घातला. तपासणी तीन वर्षांतून एकदाच व्हावी, नखे तीनच तोडावीत, पंजाच्या गादीला धक्का लावू नये, आणि नखे न तोडलेले कुत्रे सापडले तर मालकाने तीन शिलिंग दंड भरावा. हरणाच्या मांसासाठी कोणाचा जीव वा अवयव घेऊ नये, हेही त्याच सनदेतले. म्हणजे माणसाचे हातपाय आणि कुत्र्याचे पंजे यांचा विचार एकाच कागदावर झाला!

लिंडहर्स्ट गावात वनपंचांची कचेरी आहे. तिथे त्यांना ‘व्हर्डरर’ म्हणतात. त्यांच्या सभागृहाशी निगडित अशी एक भली मोठी लोखंडी रिकीब प्रसिद्ध आहे. या रिकिबीतून जे कुत्रे आरपार जाईल त्याला माफी, जे अडकेल त्याची नखे गेली, अशी परंपरा सांगतात. लोक तिला रूफस राजाची रिकीब म्हणतात. वास्तविक ती ट्यूडर काळातली. रूफस तर ११०० सालीच या अरण्यात बाण लागून मेला होता. पण दंतकथेला चारशे वर्षांचे काय!

मी या रानात हिंडलो तो ऑक्टोबर महिन्यात, माझ्या यजमानांच्या मोतीला घेऊन. यजमान मराठी, म्हणून कुत्र्याचे नाव मोती. जातीने मात्र लॅब्राडोर, अंगाने भरदार. त्या रिकिबीत त्याचे डोके कसेबसे गेले असते. वाटेवर नेचे तांबूस पडले होते आणि ओकची फळे पायाखाली चुरत होती. वळणावर एकदम डुकरीण उभी! शरदात गावकरी मुद्दाम डुकरे सोडतात, कारण ही हिरवी फळे घोड्यांना विषारी ठरतात आणि डुकरांना मानवतात. जमीन फार उकरू नये म्हणून त्यांच्या नाकात कडी असते. डुकरिणीने मोतीकडे एकदा पाहिले मात्र, तो माझ्या पायांमागे येऊन बसला. या वीराची नखे तोडायला राजाला काय कारण पडले असते, कोण जाणे!

झाडेही जुनी लढाई सांगतात. काही ओकांना पुरुष-दीड पुरुष उंचीवरून एकदम अनेक फांद्या फुटलेल्या दिसतात. सरपण आणि चाऱ्यासाठी ती वर्षानुवर्षे तिथे छाटलेली. १६९८ च्या कायद्याने ही छाटणी बंद केली, कारण आरमाराला सरळ, जाड लाकूड हवे होते. नेल्सनचे ‘ॲगॅमेम्नॉन’ जहाज १७८१ मध्ये इथल्याच बकलर्स हार्ड गावी पाण्यात उतरले. पुढे १८५१ मध्ये हरणे हटवण्याचा कायदा झाला आणि त्याच्या मोबदल्यात सरकारने आणखी दहा हजार एकर कुंपणात घालण्याचा हक्क मिळवला. गावकरी आणि निसर्गप्रेमी दोघेही खवळले. अखेर १८७७ च्या कायद्याने नवी कुंपणे थांबली आणि चराईचे हक्क सांभाळण्यासाठी व्हर्डरर मंडळ नव्याने उभे राहिले.

इथे आपल्या मनात कळ उठल्याशिवाय राहत नाही. पुढच्याच वर्षी, १८७८ मध्ये, याच राज्यकर्त्यांनी हिंदुस्थानसाठी जो वनकायदा केला त्याने राखीव जंगलातले गावकऱ्यांचे हक्क आवळले. जंगलखात्याने चराईची राने गिळल्याची तक्रार जोतीरावांनी १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये पोटतिडकीने मांडली आहे. घरी एक माप, बाहेर दुसरे.

आज तिथे छिन्नी नाही, पण कुत्र्यावरचे बंधन संपलेले नाही. मार्चपासून जुलैअखेर कुरल्यू, टिटवी, रातवा असे पक्षी उघड्या जमिनीवर अंडी घालतात. त्या दिवसांत कुत्रा घेऊन मुख्य वाटेवरूनच चालावे, असे वनखाते विनवते. कुरल्यू कमी होत चालला आहे. कुत्र्याने अंड्याला तोंड लावायचीही गरज नसते. तो जवळून गेला की पक्षीण उठते, आणि उघडी पडलेली अंडी कावळा आणि कोल्हा पाहून ठेवतात. माझ्या यजमानांना हा नियम जाचक वाटतो. “इतके मोठे रान, आणि मोतीला पायवाट?” असे ते म्हणतात. मात्र वसंतात साखळी घेतल्याशिवाय ते घराबाहेर पडत नाहीत.