समागमकालींच्या संवेदना : भय कोठें, दक्षता कोठें ?

सोलापुरांतील सुशिक्षित घरांत ताप आला तर थर्मामीटर लावला जातो. मुलाचा खोकला हटला नाहीं तर त्याला डॉक्टरांकडे नेलें जातें. परंतु पतिपत्नींच्या समागमाच्या वेळीं शरीरांत कांहीं विलक्षण वाटलें, तर तें जोडीदाराच्यासुद्धां कानावर जात नाहीं. कोणाच्या बोटांना मुंग्या येतात, कोणाचें डोकें ठणकतें, कोणाला सुखाच्या क्षणींच रडूं येतें; आणि ‘हा एखादा रोग तर नव्हे ?’ ही शंका वर्षानुवर्षें मनांतल्या मनांत राहते.

या संवेदनांपैकीं बहुतेक निरुपद्रवी असतात, व त्यांचीं कारणेंहि साधीं आहेत. समागमाचा श्रम सामान्यतः दोन जिने चढण्याइतका असतो. त्या वेळीं नाडी मिनिटाला साधारण ११० ते १३० ठोक्यांपर्यंत जाते, रक्तदाब वाढतो, मान व छाती यांवर लाली पसरते. श्वास भराभर घेतल्यामुळें रक्तांतील कार्बन डायॉक्साइड वायु कमी होतो, आणि ओठांभोंवतीं व बोटांच्या टोकांना मुंग्या येतात. श्वास संथ केला कीं त्या थांबतात. स्नायु ताणले गेल्यानें मांड्या थरथरतात, पोटरींत गोळा येतो. क्वचित् कोणाला शिंका येतात, कोणाच्या डोळ्यांतून पाणी वाहतें. मज्जातंतूंच्या उत्तेजनाचा तो परिणाम होय. वीर्य गेल्यानें शक्ति जाते, ही समजूत मात्र निराधार आहे. समागमानंतरचा थकवा थोड्या विश्रांतीनें जातो. या समजुतीच्या धास्तीनें होणाऱ्या विकाराला डॉ. नरेंद्रनाथ विग यांनीं १९६० सालीं ‘धात सिंड्रोम’ असें नांव दिलें.

मग दक्षता कोठें घ्यावी ? जें नवें आहे, एकाएकीं आलें आहे, वारंवार होतें किंवा दुखतें, त्याची चौकशी करावी. सुखाच्या परमावधीला वीज कोसळावी तशी डोकेदुखी प्रथमच झाली, तर पुष्कळदां ती निरुपद्रवी ठरते. परंतु मेंदूंतील रक्तस्रावाची सुरुवातहि अशीच होत असल्यामुळें तत्काळ रुग्णालय गांठावें. छातींत दाब येणें, ती कळ हातांत वा जबड्यांत उतरणें, शुद्ध हरपणें, हीं हृदयविकाराचीं लक्षणें असूं शकतात. हृदयासाठीं नायट्रेटचें औषध घेणाऱ्यानें सिल्डेनाफिलची गोळी कदापि घेऊं नये. दोहोंच्या संयोगानें रक्तदाब जिवावर बेतेल इतका उतरतो. स्त्रीला होणारी वेदना तर तिच्या नशिबाचा भाग समजली जाते. वस्तुतः कोरडेपणा, जंतुसंसर्ग, भीतीनें स्नायु आवळले जाणें, गर्भाशयाच्या अस्तरासारखें अस्तर अन्यत्र वाढणें, अशीं तिचीं कारणें असतात, व त्यांवर उपाय आहेत.

सर्वांत घातक दुर्लक्ष होतें तें समागमानंतर रक्त जाण्याकडे. त्याचें कारण पुष्कळदां किरकोळ असतें. परंतु गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची ती पहिली खूणहि असूं शकते. याचा धडा सोलापूर जिल्ह्यांतच मिळालेला आहे. बार्शी येथें १९८७ सालीं भारतांतील पहिली ग्रामीण कर्करोग-नोंदणी सुरू झाली. तिचे कार्यकर्ते गांवोगांव जाऊन स्त्रियांना समजावीत कीं, अवेळीं अथवा समागमानंतर रक्त जाणें, दुर्गंधियुक्त स्राव होणें, या लपविण्याच्या गोष्टी नव्हेत. रुग्णालयांत येऊन तपासून घ्यावें. या समजावणीनंतर रोग लवकरच्या अवस्थेंत ओळखला जाण्याचें प्रमाण वाढलें. पुढें शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आतांच्या धाराशिव, जिल्ह्यांत ३० ते ५९ वर्षांच्या सुमारें १,३१,००० स्त्रियांची पाहणी झाली. २००९ सालीं प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांप्रमाणें, एचपीव्ही विषाणूसाठीं एकदांच तपासलेल्या गटांत या कर्करोगाचे मृत्यु, तपासणी न झालेल्या गटाच्या मानानें, जवळजवळ निम्मे होते.

एवढें असूनहि जीभ रेटत नाहीं. हा संकोच जुना आहे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं १९२७ सालीं ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलें. वाचकांच्या अशाच खाजगी शंकांना त्यांत उत्तरें दिल्याबद्दल १९३४ सालीं त्यांच्यावर खटला झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं त्यांची बाजू मांडली. तरी कर्व्यांना दंड भरावाच लागला. आतां अशा प्रश्नाला उत्तर देणाऱ्या डॉक्टरावर खटला होत नाहीं. अडथळा उरला आहे तो घरांतलाच. पत्नीनें दुखतें म्हटलें तर पतीनें रागावूं नये, पतीनें छातींत कळ आली म्हटलें तर पत्नीनें ती हंसण्यावारी नेऊं नये. मुंग्या व शिंका यांची चिंता खुशाल सोडावी. परंतु वेदना व रक्त यांविषयीं त्याच आठवड्यांत डॉक्टरांशीं बोलावें.