कल्पनेचे मोल कोणाच्या पदरात?

मित्रहो, धंद्याला काय लागते, असे कुणालाही विचारा. जागा, भांडवल, कच्चा माल आणि राबणारे हात, अशी यादी लगेच तयार होते. या यादीत एक गोष्ट बहुधा राहून जाते, कारण ती गोदामात रचून ठेवता येत नाही की तराजूत तोलता येत नाही. ती म्हणजे कल्पना. मी कवितेच्या वाटेने चालणारा माणूस. कल्पना हाच माझा कच्चा माल. त्यामुळे या मालातून पैसा कसा उभा राहतो आणि तो शेवटी कोणाच्या पदरात पडतो, याचे मला कुतूहल आहे. आज त्याबद्दलच थोडे बोलू.

आधी एक साधी पुडी घेऊ. शाम्पू ही एकेकाळी बाटलीतून मिळणारी, सुखवस्तू घरांतली वस्तू होती. तामिळनाडूतल्या कडलूरचे चिन्नी कृष्णन यांनी १९७०च्या दशकात तो लहान पुडीत भरून विकण्याची कल्पना लढवली. त्यांचे चिरंजीव सी. के. रंगनाथन यांनी १९८३ साली पंधरा हजार रुपयांवर स्वतंत्र व्यवसाय सुरू केला आणि ‘चिक’ शाम्पूच्या पुड्या खेडोपाडी पोचवल्या. रिकाम्या पुड्या आणून द्या आणि एक भरलेली मोफत न्या, अशीही योजना त्यांनी काढली. यात नवे रसायन नव्हते, अवजड यंत्रेही नव्हती. ज्या बाईला बाटलीचे पैसे एकदम काढता येत नाहीत, तिला एका न्हाण्यापुरते काढता येतात, एवढेच कुणाला तरी उमगले होते. गिऱ्हाईक आधीपासूनच दारात उभे होते. त्याच्याकडे पाहणारी नजर तेवढी नव्हती. आज किराणा दुकानात लोंबणाऱ्या पुड्यांच्या माळा ही त्या नजरेची कमाई आहे. त्याच पुड्यांचे प्लॅस्टिक गटारी तुंबवते, हा हिशेबही त्याच वहीत मांडायला हवा.

दुसरे उदाहरण एका पेटीचे आहे. माल्कम मॅक्लीन हे अमेरिकेतले ट्रकवाले. बंदरावर ट्रकमधला माल उतरवायचा, मग एकेक गोणी, एकेक पिंप जहाजात चढवायचे, यात दिवसच्या दिवस जात. माल हलवण्याऐवजी पेटीच उचलून जहाजावर का ठेवू नये, असा विचार त्यांनी केला. २६ एप्रिल १९५६ रोजी ‘आयडियल एक्स’ हे जहाज अशा ५८ पेट्या घेऊन नेवार्कहून ह्यूस्टनला निघाले. सुटा माल चढवायला तेव्हा टनामागे सुमारे ५ डॉलर ८३ सेंट खर्च येई. या पद्धतीने तो १६ सेंटांच्या आसपास आला. पुढे पेट्यांची मापे आणि त्यांचे कोपरे जगभर एकसारखे व्हावेत म्हणून मॅक्लीन यांच्या कंपनीने आपल्या पेटंटचे हक्क जागतिक प्रमाणीकरणासाठी मोकळे केले. पेटी सर्वांची झाली म्हणून व्यापार वाढला, आणि व्यापार वाढला म्हणून पेटीवाल्यांचाही धंदा वाढला.

हे असे का होते, याचा उलगडा अर्थशास्त्रज्ञ पॉल रोमर यांनी १९९० सालच्या आपल्या निबंधात केला. त्यांना २०१८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचे म्हणणे आपल्या भाषेत सांगायचे तर असे: भाकरी दोघांनी वाटून घेतली तर प्रत्येकाला अर्धी मिळते; पण भाकरी थापायची रीत दोघांना शिकवली, तर दोघांनाही ती पुरी मिळते. विद्या दिल्याने वाढते, असे आपल्याकडे म्हणतातच. जमीन, लोखंड, पैसा एका ठिकाणी वापरला की दुसरीकडे वापरता येत नाही. कल्पना मात्र एकाच वेळी हजार ठिकाणी राबते आणि झिजत नाही. म्हणून आजच्या व्यवसायात तिचे मोल एवढे वाढले आहे.

परंतु याच गुणात एक अडचण दडली आहे. जी वस्तू वाटल्याने संपत नाही, ती कुणी उचलून नेली तरी पटकन ध्यानात येत नाही. शिवाय कल्पनेच्या कमाईचा वाटा कोणाला मिळावा, हे निसर्ग ठरवत नाही. ते करार आणि कायदे ठरवतात. पेटीचेच पाहा. माझे एक चाचा मुंबईच्या गोदीत पाठीवर गोणी वाहत. १९८९ साली न्हावाशेवाचे बंदर सुरू झाले, पेट्यांचा व्यापार खाडीपलीकडे गेला आणि मुंबईच्या गोदीतले हातांचे काम आटत गेले. पेटीने जगाचा माल स्वस्त केला, हे चाचांनाही मान्य होते. “पण आमची पाठ मोकळी झाली ती रिकामी होऊनच,” असे ते म्हणत. नव्या कल्पनेमुळे ज्यांचे काम जाते त्यांची सोय त्या कल्पनेच्या नफ्यातून व्हायला हवी, ही मागणी प्रगतीच्या विरोधातली नाही.

आता माझ्या धंद्याकडे वळतो. कायदा कल्पनेला संरक्षण देत नाही, तिच्या मांडणीला देतो. आर. जी. आनंद या नाटककारांनी आपल्या ‘हम हिंदुस्थानी’ नाटकावरून ‘न्यू दिल्ली’ हा चित्रपट बेतला आहे, असा दावा लावला होता. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की विषय आणि कल्पना यांवर कुणाची मालकी नसते. ती असते कल्पनेला दिलेल्या रूपावर. मला हे योग्य वाटते. पावसावर एकाने कविता केली म्हणून दुसऱ्याने पाऊस सोडून द्यावा की काय? पण माझे शब्द माझे आहेत.

मग या शब्दांची कमाई जाते कुठे? १९९०च्या दशकात एका कॅसेट कंपनीने माझी चार गीते घेतली. काही शे रुपये मिळाले आणि छापील कागदावर सही झाली. सर्व हक्क कायमचे दिले, अशी त्यावर ओळ होती. दुसऱ्या तऱ्हेचा कागद तेव्हा आमच्यासारख्यांपुढे कोणी ठेवतच नसे. त्यातले एक गीत पुढे लग्नाच्या मांडवांत, बँडवर वाजू लागले. गाणे चालले, कवी होता तिथेच राहिला. चित्रपटातल्या गीतकारांची गतही फार वेगळी नव्हती. मोबदला देऊन गीत लिहून घेतले आणि वेगळा करार नसला, तर हक्काचा पहिला मालक निर्माता, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली दिला होता.

हे चित्र २०१२ साली बदलले. राज्यसभेत असलेले गीतकार जावेद अख्तर यांनी या प्रश्नाचा नेटाने पाठपुरावा केला. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आणि ती २१ जून २०१२ पासून लागू झाली. चित्रपटगृहातले प्रदर्शन सोडून गीताचा इतर कुठेही वापर झाला, तर येणाऱ्या मानधनात गीतकार आणि संगीतकार यांचा समान वाटा राहील, आणि तो त्यांना लिहून देऊनही टाकता येणार नाही, असे ठरले. चित्रपटाबाहेरच्या ध्वनिमुद्रित गीतांनाही अशीच तरतूद आहे. गरजू माणूस कोणत्याही कागदावर सही करतो, हे ओळखून केलेला हा कायदा आहे. त्याची महती मला त्यासाठीच वाटते.

लिहिणाऱ्या, चाल बांधणाऱ्या, चित्रे काढणाऱ्या तरुणांनी आणखी काही गोष्टी गाठीशी बांधाव्यात. हक्क देणे हे लेखी आणि सहीनिशीच व्हावे लागते. करारात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षांची धरतो. प्रदेश लिहिलेला नसेल तर हक्क भारतापुरतेच दिले, असे मानतो. लेखकाचा हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो, म्हणजे तो नातवंडांपर्यंत पोचणारा वारसा आहे. हक्क निर्माण होण्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. तेव्हा ‘कायमचे’ हा शब्द दिसला की पेन खाली ठेवावे आणि प्रश्न विचारावा.

एकट्याच्या कल्पनेचे हे असे झाले. पण काही कल्पना साऱ्या गावाच्या, पिढ्यान्‌पिढ्यांच्या असतात. कोल्हापुरी चप्पल कोणी शोधून काढली? कातडे कमावणाऱ्या, वादी वळणाऱ्या, वेणी घालणाऱ्या असंख्य हातांनी. तिला भौगोलिक मानांकन मिळाले, ते महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार अशा आठ जिल्ह्यांसाठी. जून २०२५ मध्ये मिलान शहरात प्राडा या इटालियन कंपनीने तशाच घाटाच्या चपला मंचावर आणल्या, तेव्हा कोल्हापूरचे नावही घेतले नाही. आपल्याकडे ओरड झाल्यावर कंपनीने भारतीय कारागिरीपासून प्रेरणा घेतल्याचे मान्य केले. मानांकनाने राखले जाते ते मुख्यतः नाव, आणि तेही ज्या देशात नोंदणी आहे तिथे. नाव न घेता घाट उचलला तर कायद्याचा हात तोकडा पडतो. तरीही लोकांच्या आवाजाला अर्थ होता. डिसेंबर २०२५ मध्ये त्याच कंपनीने दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार करून इथल्या कारागिरांकडून दोन हजार जोड बनवून घेण्याचे जाहीर केले. एका जोडाची किंमत सुमारे ८०० युरो सांगितली गेली. त्यातले किती वादी वळणाऱ्या हाताला मिळतात, यावरच या कराराची किंमत ठरेल.

मित्रहो, कल्पनेतून संपत्ती निर्माण होते, यात शंका नाही. पुडीने दाखवले की त्यासाठी माणसाची अडचण ओळखावी लागते. पेटीने दाखवले की वाटल्याने कल्पना मोठी होते. गीताने आणि चपलेने दाखवले की कल्पना ज्याची, कमाई त्याचीच असेल असे नाही. म्हणून आपल्या घरात कुणी नवे काही घडवत असेल, मग ते गाणे असो, नक्षी असो की मसाल्याची रीत, तर त्याला शाबासकी द्याच. पण सही करण्याआधी तो कागद त्याच्यासोबत बसून वाचाही.