बांधाचे भांडण आणि खोटी फिर्याद

पैठण-गंगापूरकडे बांध कोरण्यावरून जुंपली, की फिर्यादीत चार नावे जास्तीची घालायची खोड जुनीच. मुंबईला नोकरीत असलेला भाऊही काठी घेऊन हजर!

शेतकरी बंधूंनो, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. निरपराध आहे हे ठाऊक असून, त्रास देण्यासाठी गुन्ह्याचा खोटा आरोप केल्यास कलम २४८ प्रमाणे ५ वर्षांपर्यंत कैद, २ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जन्मठेपेच्या गुन्ह्यात गोवले तर १० वर्षांपर्यंत. बलात्कारपीडितेचे नाव छापण्यास कायद्याने बंदी आहे. बांधावरच्या फिर्यादीला तसा आडोसा नाही.

मात्र आरोपी सुटला म्हणजे फिर्याद खोटी, असे नव्हे. पुरावा कमी पडला तरी माणूस सुटतो. खरोखर मार खाल्लेल्याने बिचकू नये. खबर वाचून दाखवणे आणि तिची प्रत फुकट देणे पोलिसांवर बंधनकारक आहे. सही त्यानंतरच करावी.