नकली यंत्रावरची खरी बेरीज

१०८६ साली इंग्लंडच्या पहिल्या विल्यम राजाने जमिनींची मोजदाद करवली. तो डूम्सडे बुक नावाचा ग्रंथ आजही वाचता येतो. त्याला नऊशे वर्षे झाली म्हणून १९८६ मध्ये बीबीसीने नवी मोजदाद केली. हजारो शाळांतल्या मुलांनी गावोगावची माहिती जमवली, ती लेझर-तबकड्यांवर भरली. पंधरा-सोळा वर्षांत त्या वाचणारी यंत्रेच दुर्मिळ झाली. तबकडी शाबूत, मजकूर गेल्यात जमा!

असे का व्हावे? कातड्यावरचे अक्षर थेट डोळ्यांना दिसते. तबकडीवर असतात नुसत्या खुणा. त्यांचा अर्थ लावणारा प्रोग्रॅम वेगळा, त्याला लागणारी ऑपरेटिंग सिस्टीम वेगळी, तिला लागणारा प्रोसेसर आणखी वेगळा. एक कडी निखळली की सगळे मुके.

मग लीड्स आणि मिशिगन विद्यापीठांतल्या संशोधकांनी नव्या संगणकावर त्या जुन्या यंत्राचे सोंग उभे केले. हेच एम्युलेशन. जुना प्रोग्रॅम म्हणतो, ‘या दोन संख्या मिळव.’ एम्युलेटर ती आज्ञा वाचतो, आपल्या यंत्राच्या भाषेत तेच काम करतो आणि उत्तर जुन्या यंत्राने जिथे ठेवले असते तिथेच ठेवतो. मेमरी, पडदा, कीबोर्ड, सगळ्यांची अशीच बतावणी. दर आज्ञेमागे हा उपद्व्याप, म्हणून वेग घटतो. (व्हर्च्युअलबॉक्ससारख्या सोयीत पाहुणी सिस्टीम मूळ प्रोसेसरच वापरते, म्हणून ती चपळ, पण तिथे प्रोसेसरची जात एकच लागते.)

आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना इथे गंमत वाटते. बहुरूपी फौजदार होऊन आला तरी त्याला अटक करता येत नाही. संगणकातल्या वादळाने कुणी भिजत नाही, असे जॉन सर्ल म्हणत, आणि ते बरोबरच आहे. पण नकली यंत्रावर केलेली बेरीज? ती खरीच असते! कारण गणन म्हणजे ठरल्या नियमाने खुणा बदलणे. ते कोणत्या धातूत घडले याला महत्त्व नाही. एक यंत्र दुसऱ्या कुठल्याही यंत्राचे काम करू शकते, हे अ‍ॅलन ट्युरिंगने १९३६ मध्येच दाखवले होते.

तेव्हा घरात डॉसच्या काळातल्या फ्लॉप्या असतील तर टाकू नका. डॉसबॉक्स फुकट मिळतो, तो डॉसचे सोंग चांगले वठवतो. आधी मात्र फ्लॉपीवरच्या फायली उतरवून घ्या, आणि त्या ज्या प्रोग्रॅममध्ये लिहिल्या तोही शोधून ठेवा. जुन्या मराठी फायलींना त्यांचा फाँटही लागतो. आणि हो, डॉसबॉक्ससुद्धा शेवटी एक प्रोग्रॅमच आहे. उद्याच्या संगणकासाठी तोही कुणाला तरी नव्याने बेतावा लागेल.