घरची मोटार आणि पाण्याची वाट

घरी मोटार बांधून सुरू करणे कठीण; ती थंड राखणे त्याहून कठीण. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी यांनी १९४९ साली 'मीरा' या छोट्या मोटारीचा पहिला नमुना सिद्ध केला. 'मीरा'चे एंजिन मागे असे. मागील एंजिनास समोरचा वारा सहज लाभत नाही. पाण्याने थंड होणारे एंजिन असून रेडिएटर पुढे बसवल्यास लांब नळ्या न्याव्या लागतात. या नळ्यांच्या उंच वळणी हवा अडकली की पाण्याचा प्रवाह तुटतो, एंजिनाचा माथा तापून वाकतो आणि वर्षांची मेहनत वाया जाते. यास्तव थंड एंजिनात पाणी सावकाश भरावे, टोपण उघडे ठेवून एंजिन मंद चालवावे आणि बुडबुडे थांबेतो पाणी घालीत राहावे. तापलेल्या रेडिएटरचे टोपण मात्र कदापि उघडू नये. उकळते पाणी उसळून अंगावर येते.