रोहिणीतील सुप्त धोक्याचा शोध

हृदयास रक्त पुरविणारी रोहिणी हळूहळू अरुंद होत जाते व अखेर बंद पडून हृदयविकाराचा झटका येतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः पुष्कळ झटके, जेथे रोहिणी फारशी अरुंद झालेली नसते, अशाच ठिकाणी उद्भवतात. कालपर्यंत शेतात राबणारा मनुष्य एकाएकी छाती धरून खाली बसतो, त्याचे कारण अनेकदा हेच असते.

धोका कोठे असतो?

रोहिणीच्या अस्तराखाली मेद साचून जो थर बनतो, त्यास ‘प्लाक’ म्हणतात. ज्या प्लाकवर तंतूंचे जाड आवरण असते, तो वर्षानुवर्षे स्थिर राहू शकतो. काहींच्या पोटात मात्र मऊ मेद असतो व वरचे आवरण मिलिमीटरच्या पंधराव्या भागाहूनही पातळ असते. तेथे जमलेल्या भक्षक पेशी दाह निर्माण करून ते आवरण अधिकच दुर्बल करतात. आवरण फाटताच रक्ताची गुठळी धरते आणि रक्तप्रवाह अडतो.

अँजिओग्राफीत रक्ताचा मार्ग दिसतो, रोहिणीची भिंत दिसत नाही. पाटातील पाण्याची रुंदी पाहून बांध आतून पोखरला आहे की नाही, हे कळत नाही, तसाच हा प्रकार होय.

संवेदकाचे कार्य

भक्षक पेशी साखर अधिक प्रमाणात वापरतात. याचा उपयोग करून रुग्णास फ्लोरिन-18 हे किरणोत्सर्गी मूलद्रव्य जोडलेली ग्लुकोजसदृश शर्करा शिरेवाटे देतात. फ्लोरिन-18 चे अर्धायुष्य सुमारे 110 मिनिटे असते. म्हणजे 220 मिनिटांनी त्याचा चौथा हिस्साच उरतो. त्यातून बाहेर पडणारे पॉझिट्रॉन शरीरात एक-दोन मिलिमीटर जाताच इलेक्ट्रॉनला भेटून नष्ट होतात व त्यातून गॅमा किरण निघतात.

हे गॅमा किरण शरीराबाहेरील यंत्राने टिपता येतात. तथापि हृदयाची रोहिणी अवघी तीन-चार मिलिमीटर रुंद असून सतत हलत असते. शिवाय हृदयाचे स्नायूही तीच शर्करा शोषतात, त्यामुळे प्लाकचा क्षीण संकेत झाकला जातो. म्हणून संवेदकच कॅथेटरच्या टोकास बसवून रोहिणीत न्यावा, अशी कल्पना पुढे आली. टोकावरील विशिष्ट प्लॅस्टिकवर पॉझिट्रॉन आदळला की सूक्ष्म प्रकाश चमकतो. तो प्रकाशतंतूतून बाहेरील उपकरणाकडे जातो व तेथे मोजला जातो. दूरचे पॉझिट्रॉन संवेदकापर्यंत पोहोचतच नाहीत. त्यामुळे गणना वाढली, तर दाहयुक्त प्लाक अगदी लगत आहे असे अनुमान करता येते. गॅमा किरणांमुळे होणारी गणना दुसऱ्या संवेदकाने वेगळी मोजून वजा करण्याचीही योजना काही रचनांत असते.

2001 साली प्रसिद्ध झालेल्या, सशांच्या रोहिण्यांवरील प्रयोगांत रोगट भागाची गणना निरोगी भागापेक्षा अधिक आढळली. परंतु रक्तातही किरणोत्सर्गी द्रव्य असते, आणि हृदयात कॅथेटर घालणे सर्वस्वी निर्धोक नाही. त्यामुळे ही पद्धत नित्याच्या उपचारात आलेली नाही. दरम्यान बाहेरून तपासण्याच्या पद्धतीही सुधारल्या. एडिंबरा येथील संशोधकांनी 2014 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शर्करेऐवजी किरणोत्सर्गी सोडियम फ्लोराइड वापरले. झटका येऊन गेलेल्या 40 पैकी 37 रुग्णांत त्याचे सर्वाधिक शोषण झटक्यास कारण झालेल्या प्लाकमध्येच आढळले.

नागरिकांनी काय करावे?

तंबाखू, उच्च रक्तदाब, मधुमेह आणि रक्तातील वाढलेले कोलेस्टेरॉल यांमुळे प्लाक वाढतो. तंबाखू सोडणे, रक्तदाब व रक्तातील साखर वेळोवेळी तपासून घेणे आणि वैद्यांनी दिलेली औषधे नियमितपणे घेणे हे उपाय प्रत्येकाच्या आवाक्यातील आहेत. छातीत दाब किंवा कळ, डाव्या हातात अथवा जबड्यात वेदना, घाम व धाप ही लक्षणे दिसताच, पित्त समजून घरी थांबू नये. पूर्वीची तपासणी चांगली आली होती, या भरवशावरही राहू नये. रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे. तेथे विलंबाचे प्रत्येक मिनिट हृदयाच्या स्नायूस महाग पडते.