कापड सोडून पाण्यात राहणारा रंग

बेटेगाव-बोईसर पट्ट्यातल्या कितीतरी घरांची चूल तारापूर औद्योगिक वसाहतीवर पेटते. औषधं, रसायनं, रंग आणि कापड-प्रक्रिया यांचे कारखाने इथे शेजारी शेजारी आहेत. कापड रंगवणाऱ्यांना एक फरक चांगला ठाऊक असतो. सुतासाठीचा रिअ‍ॅक्टिव्ह रंग पाण्यात पूर्ण विरघळतो, पॉलिएस्टरचा डिस्पर्स रंग मात्र बारीक कणांच्या रूपातच राहतो.

हा फरक रेणूच्या बांधणीतून येतो. पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनकडे किंचित ऋण आणि हायड्रोजनकडे किंचित धन प्रभार असतो, त्यामुळे प्रभारित रेणूंना पाणी चटकन वेढून घेतं. रिअ‍ॅक्टिव्ह रंगाला सल्फोनेट गट जोडलेले असतात. पाण्यात त्यांच्यावर ऋण प्रभार येतो आणि एरवी पाण्याला दाद न देणारा मोठा कार्बनी रेणू त्यांच्यामुळे विरघळतो. डिस्पर्स रंगात हे गट नाहीत. तो 130 अंश सेल्सियसच्या आसपास, दाबाखाली धाग्यात शिरवावा लागतो.

विद्राव्यता बदलायला कधी कधी नवा गटही लागत नाही, नुसती मांडणी बदलली तरी पुरतं. सर्दीच्या गोळीवर क्लोरफेनिरामाइन मॅलिएट आणि लोहाच्या गोळीवर फेरस फ्युमरेट ही नावं अनेकांनी वाचली असतील. त्यांच्यामागची मॅलेइक आणि फ्युमॅरिक ही आम्लं सारख्याच अणूंची आहेत: चार कार्बन, चार हायड्रोजन, चार ऑक्सिजन. मॅलेइकमध्ये दोन्ही आम्लगट एकाच बाजूला असल्यानं एक हायड्रोजन बंध रेणूच्या आतच खर्च होतो. फ्युमॅरिकमध्ये ते विरुद्ध बाजूंना असतात, म्हणून शेजारच्या रेणूंशी घट्ट जुळून स्फटिक पक्का बनतो. परिणाम थक्क करणारा आहे. साध्या तापमानाच्या 100 मिलिलिटर पाण्यात मॅलेइक 70 ग्रॅमहून अधिक विरघळतं, फ्युमॅरिक एक ग्रॅमही नाही.

विद्राव्यतेचा हाच गुण सांडपाण्यात डोकेदुखी होतो. रंगवताना रिअ‍ॅक्टिव्ह रंगाचा काही भाग कापडाऐवजी पाण्याशीच अभिक्रिया करतो. मग तो धाग्याला चिकटत नाही, पण सल्फोनेट गट शाबूत असल्यानं विरघळलेलाच राहतो. डिस्पर्स रंगाचे कण तुरटीसारख्या क्षारांनी गाळात बसवता येतात; रिअ‍ॅक्टिव्ह रंग मात्र सहसा निसटतो, जिवाणूंनाही सहज पचत नाही. त्याला सक्रिय कार्बन, ओझोन किंवा पडदा-गाळणी लागते आणि खर्च वाढतो. रंग धाग्याकडे ढकलण्यासाठी घातलेलं मीठ पाण्यात उरतं ते वेगळंच.

तारापूरचं सांडपाणी नवापूरजवळ समुद्राला मिळतं. मासेमारीवर जगणाऱ्यांच्या वतीनं अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेनं 2016 साली या प्रदूषणाविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या निर्देशांकात तारापूर देशातलं सर्वाधिक प्रदूषित औद्योगिक क्षेत्र ठरलं. याचा दोष एकट्या रंगांचा नाही. तरीही रंग निवडतानाच सांडपाण्याचा विचार व्हायला हवा, आणि तशी वाट आहे. एका रेणूला दोन अभिक्रियाशील टोकं असलेले रिअ‍ॅक्टिव्ह रंग बाजारात मिळतात. एक टोक पाण्यानं वाया घालवलं तरी दुसरं धाग्याला धरतं. त्यामुळे कापडावर जास्त रंग बसतो आणि नाल्यात कमी जातो.